हुकूमनामा पिशवीत, माणूस हद्दीबाहेर

आज सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि समोर माझ्या माजी मेव्हण्याचा फोटो. गळ्यात नव्या कंपनीचा पट्टा, मागे काचेची इमारत, खाली 'नवी सुरुवात'. कुणीतरी कौतुकाने शेअर केलेला. मी बसून लाइक वाचले. त्यातले अकरा जण माझ्या यादीतले निघाले. म्हणजे तुम्हीच. ज्यांना माझ्या धाकट्या बहिणीच्या आणि याच्या लग्नात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आग्रह करकरून वाढलं होतं, ते.

दोन तासांनी वकीलबाईंचा फोन आला. पगारजप्तीच्या आदेशाला जुन्या कंपनीने कोर्टात उत्तर दिलंय, 'सदर इसम आमच्याकडे नोकरीस नाही.' झालं. आता नवी कंपनी शोधा, नवा अर्ज करा, नवी तारीख घ्या.

एकाच दिवशी दोन्ही. म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. धाकटीचं सासर कर्नाटकात. नवरा-बायको शेवटचे एकत्र राहिले तिथेच, म्हणून घटस्फोटही तिथल्याच कोर्टात, परस्पर संमतीने, २०२१ साली. नऊ लाख तीन हप्त्यांत, शिवाय मुलासाठी महिना दहा हजार. पहिला हप्ता मिळाला. मुलाचे पैसे सात महिने आले. मग साहेबांनी बदली घेतली, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात आले (नाव लिहू नका असं वकीलबाईंनी बजावलंय), आणि पैसे थांबले. फोनही बंद.

परवा एका काकू मला म्हणाल्या, "अगं निकाल लागला ना, मग अजून कसली कोर्टाची फेरी?" अहो काकू, हेच तर. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे दिवाणी कोर्टाचा लेखी निकाल, हातात पडल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली. इंग्रज गेले, अडचणी इथेच राहिल्या.

कागदावर सगळं सुरेख आहे बरं का. आपल्या घटनेच्या २६१ व्या कलमात लिहिलंय की देशातल्या कुठल्याही भागातल्या दिवाणी कोर्टाचा अंतिम निकाल देशात कुठेही, कायद्याप्रमाणे, अमलात आणता येतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला भरून आलं होतं. पण त्या 'कायद्याप्रमाणे'त आमची तीन वर्षं गेलीत. ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला त्याचा हात त्याच्या हद्दीपुरता. २००२ च्या दुरुस्तीने तर हे दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्टच लिहून टाकलं. माणूस हद्दीबाहेर, पगार हद्दीबाहेर, मग हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यायचा. त्याला लागते हुकूमनाम्याची नक्कल, आणि 'वसुली झालेली नाही' असं मूळ कोर्टाचं प्रमाणपत्र. ते तिकडे पोचलं की मग दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणा असा अर्ज. मग नोटीस. मग जप्ती. मग 'सदर इसम नोकरीस नाही'.

त्या प्रमाणपत्रासाठी अण्णा गेले होते. बाहत्तर वर्षांचा माणूस, सांगलीहून पहाटेच्या एस्टीने, खांद्याला ती खाकी पिशवी, आत फाइल आणि दशम्या. धाकटीला रजा मिळेना, मला शाळेच्या परीक्षा. तिथे दारावर लावलेल्या कागदावर आकडे कानडीत. पहिल्या दिवशी त्यांना आपला नंबर आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. संध्याकाळी हात हलवत परत. दुसऱ्या खेपेच्या आधी त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे शून्य ते नऊ कानडी आकडे उतरवून घेतले, समोर आपले. स्वयंपाकघरात बसून घोकत होते. सहा आणि नऊमध्ये हमखास गोंधळ. नातू त्यांची परीक्षा घ्यायचा आणि चुकले की टाळ्या पिटायचा. त्याला काय माहीत आजोबा कशाचा अभ्यास करतायत ते!

(सीमाप्रश्नावर कमेंट करू नका. तिथल्या शिपायानेच अण्णांना बाकावर जागा करून दिली होती, आणि दशमीही खाल्ली.)

माझा राग भाषेवर नाहीच. राग याचा आहे की ही ओझी वाहायची कुणी? तर जिच्या बाजूने हुकूमनामा झालाय तिने. संहितेत १९७६ च्या दुरुस्तीपासून स्वच्छ लिहिलंय, हुकूमनामा दुसऱ्या कोर्टाकडे थेट पाठवायचा, मग ते कोर्ट त्याच राज्यातलं असो वा नसो. 'पाठवायचा' म्हणजे कोर्टाने कोर्टाला. अण्णांच्या पिशवीतून नव्हे! आमचा कागद सात महिन्यांनी पोचला. पोचला तर तडजोडीच्या अटी कानडीत, म्हणून भाषांतर आणा. भाषांतर दिलं तर एका पानावर शिक्का उमटलेला नाही, म्हणून परत. पुन्हा पिशवी, पुन्हा पहाटेची एस्टी, पुन्हा ते कॅलेंडरचं पान.

आता कुणीतरी म्हणेल, दुसऱ्या राज्यातला कागद आला की लगेच माणसाची जप्ती करायची का, त्याने पैसे भरलेले असतील तर? बरोबर आहे. म्हणूनच ते प्रमाणपत्र लागतं. मान्य. पुढे.

सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? आम्ही शहाण्यासारखं वागलो ते. धाकटी भांडली असती, मॅजिस्ट्रेटकडून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या १२५ कलमाखाली (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४) मुलाच्या पोटगीचा आदेश घेतला असता, तर तो माणूस जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे तो आदेश थेट नेता आला असता. पैसे चुकवले की महिनाभर आत टाकायची सोय. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा आदेश तर देशभर चालतो, २००५ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. आम्ही काय केलं? 'कशाला चिखलफेक, मुलाच्या बापाला कशाला कोर्टात उभं करायचं' म्हणत हसतमुखाने सह्या केल्या. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी आमचं कौतुक केलंत. किती समंजस कुटुंब! समंजसांना दरखास्त, भांडखोरांना वॉरंट.

चूक आमचीही आहे, लपवत नाही. तेव्हाचे वकील सांगत होते, सगळे डीडी कोर्टातच हातात घ्या, मगच शेवटची सही. अण्णा म्हणाले, "त्यांनी शब्द दिलाय." अण्णांच्या पिढीला शब्द म्हणजे स्टँपपेपर वाटतो. धाकटी त्यांना एकदाही काही बोलली नाही. मी बोलले. एकदा, आणि फार वाईट बोलले. दुसऱ्या दिवशी बघते तर ते कॅलेंडरचं पान घेऊन बसलेले.

जाऊ दे.

आणि हो, हे फक्त बायकांचंच असतं असं नाही. आमच्या शाळेतल्या एका सरांकडे मुलीला महिन्यातून दोनदा भेटण्याचा आदेश आहे. आई मुलीला घेऊन दुसऱ्या राज्यात गेली. सर तो आदेश लॅमिनेट करून कपाटात ठेवतात. लिहिलं, झालं समाधान? आता माझ्या बहिणीवर येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. आमच्या सहा महिन्यांची कितवी आवृत्ती चालू आहे ते मोजणं मी सोडलंय. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश वाचतो, बाकी दोन तृतीयांशापर्यंत जप्त होऊ शकतो. ऐकायला किती छान. पण माणसाने नोकरी बदलली की जप्तीचा आदेश जुन्या कंपनीच्या टेबलावर पडून राहतो आणि पगार नव्या कंपनीत सुखाने जमा होतो. आपला पॅन नंबर एक, पीएफचा नंबर एक, नोकरी बदलली तरी आयकर आपल्याला बरोबर शोधून काढतो. सरकारला आपले पैसे घ्यायचे असतात तेव्हा सगळी राज्यं एक. मुलाच्या शाळेची फी घ्यायची म्हटलं की प्रत्येक कोर्टाची हद्द आठवते.

वकीलबाई म्हणतात धीर धरा, हुकूमनाम्याला बारा वर्षांची मुदत असते. बारा! पोरगा आता नऊ वर्षांचा आहे. बापाच्या पैशातून त्याने शिकायचं की लग्न करायचं?

संध्याकाळी अण्णांना फोटोचं सांगितलं नाही. कंपनीच्या उत्तराचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे परत तिकडं जायला लागतंय का?" मी म्हटलं, नाही अण्णा, आता सगळं इकडच्याच कोर्टात, नुसता नवा अर्ज. "बरं झालं," म्हणाले, "सहा नि नऊ अजून पक्कं झालं नव्हतं." आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

तर त्या अकरा जणांनो. लाइक काढा असं मी म्हणत नाही, तुमचे संबंध तुमच्यापाशी. पण तो फोटो तुम्ही पाहिलाय, काहींनी तर 'अभिनंदन, पार्टी कधी' असं लिहिलंय. त्याची पार्टी झाली की मला मेसेंजरवर दोनच गोष्टी पाठवा. कंपनीचं नोंदणीकृत नाव, आणि पगार काढणाऱ्या ऑफिसचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. पुढच्या तारखेला अठरा दिवस आहेत.