फोन माझा झाला, बँकेला परका झाला

"रूट तर मारलेलाच आहे, आता कस्टम रॉम टाकायला असं काय लागतंय?" असं म्हणून एका शनिवारी रात्री साडेदहाला बसलो, तो पहाटे चारला उठलो. (कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची, दुसऱ्या कोणी बनवलेली सिस्टीम.) फोन जिवंत आहे. त्यातले दोन वर्षांचे फोटो नाहीत.

फोनला काहीही झालं नव्हतं. स्क्रीन ठीक, बॅटरी ठीक, कॅमेरा ठीक. फक्त कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं होतं. चालता फोन निव्वळ त्यासाठी टाकून द्यायचा हे मला पटत नाही. माझ्या मॉडेलसाठी लिनिएजओएस या कस्टम रॉमचं अधिकृत बिल्ड (तयार फाइल) होतं, म्हणून तेच निवडलं. (सायनोजेनमॉड ही जुनी कस्टम रॉम २०१६च्या डिसेंबरात बंद पडली, तेव्हा त्याच कोडमधून उभं राहिलेलं हे. जुन्या लोकांना ते नाव आठवत असेल.)

माझा पहिला गैरसमज असा की रॉम टाकायला फोन रूट असावा लागतो. अजिबात नाही. लागतो तो अनलॉक केलेला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्राम), आणि बहुतेक फोनना नवी रिकव्हरी (जिथून सिस्टीम टाकता-पुसता येते तो वेगळा भाग). रूट म्हणजे चालू सिस्टीममध्ये सर्वाधिकार मिळवणं, आणि आपण तर ती सिस्टीमच उचलून फेकणार असतो. मॅजिस्क हे रूट देणारं साधन बूट इमेजमध्ये (फोन सुरू करणाऱ्या फाइलमध्ये) बदल करून बसतं. नवी रॉम स्वतःची बूट इमेज घेऊन येते, की रूट गेलं. ज्याचा मी वर्षभर टेंभा मिरवला, ते पाच मिनिटांत पुसलं गेलं आणि मला पत्ताही लागला नाही.

फोन ब्रिक होईल, म्हणजे बंद पडून नुसती वीट उरेल, ही भीती सगळे घालतात. मॉडेलचं कोडनेम (त्याचं अंतर्गत नाव) अक्षर न् अक्षर जुळवलं, चेकसम (फाइल बरोबर उतरली का हे पडताळायचा आकडा) तपासला, रिव्हिजन नीट पाहिली तर तसं सहसा होत नाही. एकाच नावाने विकलेल्या दोन फोनची कोडनेम वेगळी असू शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

मला घाम फोडला तो ४७ टक्क्यांनी. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीमधून साइडलोड (काँप्युटरवरून केबलने रॉम पाठवणं) सुरू केलं, काँप्युटरवर आकडा चढत गेला आणि ४७ वर थांबला. पुढे ओळ आली, 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस'. आता हे अपयश समजायचं की यश? केबल उपटायला हात गेला होता. नशीब, आधी लिनिएजची कागदपत्रं उघडली. त्यात सरळ लिहिलंय की काम नीट झालं तरी काही वेळा आकडा ४७ वरच थांबतो. म्हणजे वाचलेलं होतं, घाईत विसरलो होतो.

मग रीबूट. लिनिएजची ती कमान, तिच्यावरून सरकणारा ठिपका. पहिल्यांदा सुरू व्हायला पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात हे माहीत होतं, म्हणून चहा केला. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. ठिपका आपला इकडून तिकडे.

चूक माझीच. मी डेटा नुसता वाइप केला होता, फॉरमॅट केला नव्हता. जुन्या सिस्टीमने एन्क्रिप्ट केलेलं स्टोरेज नव्या सिस्टीमला उघडता येईना, म्हणून ती दारातच अडली. रिकव्हरीत परत गेलो तर फोल्डरांच्या नावांच्या जागी नुसती अगम्य अक्षरं. बॅकअप? घेतला होता ना, रीतसर. पण त्याच फोनच्या अंतर्गत स्टोरेजवर. वर टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपमध्ये फोटोंचं फोल्डर धरलेलंच नसतं, हे मला तेव्हा कळलं.

'फॉरमॅट डेटा' दाबल्यावर टीडब्ल्यूआरपी नुसतं बटण दाबू देत नाही. 'येस' अशी तीन अक्षरं स्वतः टाइप करायला लावतं. ती टाइप करताना मी किती वेळ बसून होतो ते विचारू नका.

पुढच्या वेळी तीनेक मिनिटांत फोन उघडला. हलका, चपळ, कंपनीने कोंबलेलं एकही ॲप नाही. खरंच छान वाटलं. मग बँकेचं ॲप टाकलं आणि त्याने तोंडावर दार लावलं.

माझा खरा राग इथे आहे. रूट असताना नाही म्हणालं, मान्य. पण आता रूट नाही, सुरक्षा पॅच गेल्या महिन्याचा आहे. तरी बूटलोडर अनलॉक आहे एवढ्यावर मी संशयित. आणि ज्या फोनला तीन वर्षांत एक पॅच मिळाला नाही, तो कंपनीच्या शिक्क्यावर बिनबोभाट आत जाऊ शकतो. ही सुरक्षेची तपासणी की शिक्क्याची?

बँकेचं सगळंच चूक आहे असंही नाही. बूटलोडर उघडा असला की फोन ज्याच्या हाती लागेल, तो त्यात हवं ते टाकू शकतो. शिवाय सेटिंग्जमध्ये नीट पाहिलं तर अँड्रॉइडचा पॅच ताजा दिसतो, पण खाली 'व्हेंडर' पॅचची तारीख जुनीच. मोडेमसारख्या चिपांचं बंदिस्त फर्मवेअर कंपनीनेच द्यायचं असतं, लिनिएजवाले ते कुठून आणणार? त्यामुळे 'जुना फोन पूर्ण सुरक्षित झाला' असं कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. आणि ॲप चालावं म्हणून बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका. कस्टम रॉम असताना तसं केलं तर बहुतेक मॉडेलांवर फोन सुरूच होत नाही. ब्रिकची भीती बाळगायचीच असेल तर ती इथे बाळगा.

माझं मत विचाराल तर एकुलत्या एका फोनवर हा उद्योग नको. दुसरा फोन असेल तर जरूर करा. रूट मात्र मी परत मारलं नाही. कशासाठी मारलं होतं हेच आठवेना.

काल धाकट्या भावाने त्याचा जुना फोन पुढे केला, "दादा, यावर पण टाक ना." कोडनेम पाहिलं, बिल्ड आहे. विचारलं, "फोटो कुठे आहेत?"

"फोनमध्येच."

"मग आधी केबल आण."