पोत्याला शिवलेला टॅग

गेल्या आठवड्यात गाडी आली. फिनिशरची (कोंबड्यांना शेवटच्या टप्प्यात घालायच्या खाद्याची) साठ पोती उतरवून घेतली, चहा झाला, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच पोत्याच्या तोंडाला शिवलेला टॅग नीट वाचला. प्रोटीन किमान इतकं, फॅट किमान इतकं, फायबर जास्तीत जास्त इतकं, ओलावा, बॅच नंबर, तारीख. झालं. औषधाचं नाव कुठे नाही. आणि ‘यात अँटिबायोटिक नाही’ असंही कुठे लिहिलेलं नाही.

कंपनीचा सुपरवायझर आला होता, पक्ष्यांची वजनं घ्यायला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, चांगला आहे. त्याला विचारलं, “साहेब, ह्यात औषध आहे का?” तो हसला. “दादा, टॅगवर आहे ते आहे. बाकी प्रीमिक्समधून जातं, ते मिलचं काम. मला पण नाय माहिती.”

(प्रीमिक्स म्हणजे खाद्याच्या मिलमध्ये मिसळायची औषधं-जीवनसत्त्वांची तयार पूड.) खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच माहिती नाही. आणि ही पोस्ट लिहायला बसलो ते तेवढ्यासाठीच.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची शेड चार हजार पक्ष्यांची, करारावर. शेड आमची, लाइट-पाणी आमचं, तूस आमचं, ब्रूडिंगच्या (लहान पिल्लांना ऊब द्यायच्या) दिवसांतली रात्रीची जाग आमची. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर जातो, लिफ्टिंग होतं म्हणजे कंपनी पक्षी उचलून नेते, हिशेब येतो. तेवढ्यात पावणेतीनशेच्या आसपास पोती आमच्या हातून फीडरमध्ये जातात. मरतूक वाढली तर पैसे आमचे कापले जातात, आणि त्या पावणेतीनशे पोत्यांत काय आहे हे मात्र आम्हाला विचारायची सोय नाही.

मग कायदा काय म्हणतो ते बघायला लागलो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्यात ‘अन्न’ म्हणजे काय याची चांगली लांबलचक व्याख्या आहे. बाटलीतलं पाणी अन्न आहे. च्युइंगम अन्न आहे. दारूसुद्धा अन्न आहे! आणि शेवटी, काय काय अन्न नाही त्याची यादी. त्या यादीत पहिलं नाव पशुखाद्याचं.

बरं, अन्न नाही तर मग औषध असेल? तेही नाही. औषधांचा कायदा बाटलीवर, पुडीवर, प्रीमिक्सच्या पिशवीवर चालतो. २०१२ साली त्याच्या नियमांत एक फार चांगली गोष्ट आली: ज्या जनावरांचं दूध, अंडी, मांस माणूस खातो त्यांच्या औषधावर शेवटच्या डोसनंतर ‘किती दिवस थांबायचं’ ते छापलंच पाहिजे. आणि त्या औषधासाठी तो काळ तपासून ठरवलेला नसेल, तर अंडी-दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस धरायचे.

आता २८ दिवस म्हणजे काय ते ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या, हिशेबात बघा. आमचा पक्षी जगतोच चाळीस दिवस. म्हणजे असं औषध बाराव्या दिवसानंतर द्यायचंच नाही. पण हे छापलेलं कुठे असतं? प्रीमिक्सच्या पिशवीवर. ती पिशवी मिलमध्ये फुटते, मिक्सरमध्ये रिकामी होते, आणि ते २८ दिवस तिथेच कचऱ्यात जातात. माझ्या दारात येतं ते पन्नास किलोचं पोतं, त्यावर प्रोटीन आणि फायबर. पाळायचा नियम माझ्यासाठी, आणि तो छापलेला कागद माझ्यापर्यंत पोचतच नाही.

मानक नाही असंही नाही हं. भारतीय मानक ब्यूरोचं कोंबडीखाद्याचं मानक आहे, २००७ चं. त्यात लिहिलंय की अंगात भिनणारी अँटिबायोटिक्स वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, आणि आतड्यापुरतं काम करणारी पाच वर्षांत बंद करत आणावीत. पाच वर्षं २०१२ मध्ये संपली. पण ते मानक ऐच्छिक! ऐच्छिक म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको. हेल्मेट जेव्हा ऐच्छिक होतं तेव्हा किती जण घालत होते?

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, कोडेक्सने (जगभरच्या देशांनी मिळून अन्नाचे नियम ठरवायची संस्था, आपण तिचे १९६४ पासून सभासद) जनावरांच्या खाद्याची आचारसंहिता केली. सार्वजनिक आरोग्याला धोका नाही ना हे तपासल्याशिवाय वाढीसाठी अँटिबायोटिक खाद्यात नको, असं त्यात आहे. बैठकांना आपली माणसं असतात. परत आल्यावर फाइल कुठल्या खात्याच्या टेबलावर ठेवायची हाच प्रश्न असावा, कारण खाद्य पशुसंवर्धनाचं, औषध आरोग्याचं, मांस अन्न प्राधिकरणाचं आणि पोतं कुणाचंच नाही.

युरोपचं कौतुक मला उठताबसता करायची सवय नाही. पण तिथेही आधी असाच घोळ होता. औषधी खाद्याबद्दल १९९० चा एक सामाईक निर्देश होता, आणि प्रत्येक देशाने तो आपापल्या सोयीने लावला. शेवटी त्यांनी तो मोडीत काढून सगळीकडे एकसारखा लागू होणारा नियम केला, २८ जानेवारी २०२२ पासून. औषध घातलेलं खाद्य पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय नाही. चिठ्ठीत अँटिबायोटिक असेल तर ती पाच दिवसच चालते. आजार नसताना ‘असू दे’ म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायचं नाही. आणि एका खाद्याचे अंश त्याच मिक्सरमधून पुढच्या खाद्यात जातात, त्यावरसुद्धा मर्यादा. मिल बघितलेल्या माणसाला हे वाचून कळेल की नियम लिहिणारा कधीतरी मिलमध्ये उभा राहिलेला आहे.

आपल्याला जमत नाही असंही नाही. निर्यातीचं बघा. आपल्या कोळंबीच्या पेट्या युरोपने २०१६ पासून दहा टक्क्यांऐवजी पन्नास टक्के तपासायला घेतल्या, तेव्हा तळ्यापासून बंदरापर्यंत नमुने घेणारी माणसं आणि प्रयोगशाळा मिळाल्या. वाढीसाठी अँटिबायोटिक दिलेल्या जनावराचा माल ३ सप्टेंबर २०२६ पासून घेणार नाही असंही त्यांनी ठरवलंय, त्याचीही धावपळ होईलच. परक्याच्या ताटात काय जातं याची आपल्याला काळजी आहे. जुन्नर-नारायणगावच्या बाजारात काय जातं त्याची काळजी करायला कुणी परका येणार नाही.

कोलिस्टिनचं तर आठवत असेल. आयसीयूमध्ये काहीच चालेनासं झालं की डॉक्टर शेवटी जे काढतात ते औषध. ते आपल्याकडे कोंबडीचं वजन वाढवायला खाद्यात जात होतं. जंतूंना त्याला दाद देऊ न देणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि आपल्याकडे बंदी आली जुलै २०१९ मध्ये. आली हे बरंच झालं. पण एकेका नावावर बंदी घालत बसलं की मिलवाला यादीतलं पुढचं नाव उचलतो. पोत्यावर नियम असता तर नावं शोधत बसावं लागलं नसतं.

माझ्या आत्याचा लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट मी बघितलाय. औषधांची यादी, आणि पुढे आर, आर, आर. रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. ते आमच्या कोंबडीमुळे झालं असं कुणीच सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण शेडमधलं तूस, विष्ठेसकट, बॅच संपली की ट्रॉलीने टोमॅटोच्या रानात जातं, हे मात्र मी स्वतः भरून देतो.

आता कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणार, खर्च वाढेल, चिकन महागेल. डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्ये वाढीची अँटिबायोटिक्स बंद केली. खाद्याचा उतारा (खाल्लेल्या खाद्यावर चढणारं वजन) किंचित घसरला, पण औषधाचे पैसेही वाचले. डुकरांच्या पिल्लांना तिथे हगवणीचा त्रास वाढला होता, हेही खरं; दूध तोडायचं वय आणि निगा बदलावी लागली. आपल्याकडेही जागा सोडावी लागेल, तूस जास्त बदलावं लागेल, शेडमध्ये दाटी कमी करावी लागेल. त्याचा बोजा पुन्हा ग्रोइंग चार्जमधून (पक्षी वाढवायचे कंपनी देते त्या पैशांतून) शेतकऱ्यावर टाकला तर मात्र माझ्यासारखेच पहिले बोंब मारतील.

दुसरं म्हणणार, गावात पशुवैद्य मिळत नाही, चिठ्ठी कोण देणार? अहो, मोठ्या कंपन्यांकडे पगारी डॉक्टर आहेत. मिलमध्ये काय घालायचं ते कुणीतरी ठरवतंच. त्याने कागदावर सही करावी आणि तो कागद पोत्याबरोबर यावा, एवढंच.

ह्या बॅचपासून मी टॅग साठवायला लागलोय. रिकामी पोती उसवून आई त्यांची ताडपत्री शिवते, पावसाळ्याआधी कांदा झाकायला. काल ओट्यावर बसून उसवत होती. दोरा ओढला, टॅग वेगळा झाला, दोन्ही बाजूंनी बघितला.

“काय लिहिलंय ह्याच्यात?”

म्हटलं, “प्रोटीन.”

“आणि?”

मी काही बोललो नाही. तिने टॅग माझ्याकडे टाकला आणि पुढचं पोतं ओढलं.