अपडाऊनचा रकाना

मागच्या वर्षी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प देताना मी ठरवलं, यंदा ओझोनचा थर नको, आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी स्पायरल वही तर नकोच. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळा-कॉलेजात शिकवायला सांगितला, पुढे तो पदवीला सक्तीचा झाला. आमच्या हातून त्याचं झालं काय, तर दरवर्षी प्लास्टिकच्या कव्हरांचा एक ढीग. म्हणून विषय दिला : आपलं कॉलेज. इथे वर्षभरात काय येतं, काय जळतं, काय वाया जातं, ते मोजून आणा.

पोरांनी मन लावून मोजलं. ऑफिसातून बारा महिन्यांची विजेची बिलं काढली, वर्षाला 14,000 युनिट भरले. कागदाची रिमं मोजली. आरओच्या नळीखाली बादली लावून बसले. आणि एक दिवस एक मुलगी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, तुमच्या गाड्या कोन्या रकान्यात लिवू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी आम्ही ग्रीन ऑडिट, म्हणजे कॉलेजची पर्यावरण-तपासणी, करून घेतलं होतं. त्यात झाडं होती, बल्ब होते, अपडाऊनला रकानाच नव्हता.

विदर्भातल्या ग्रामीण कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमचं कॉलेज दर्यापूरच्या बाजूला, आणि आम्ही बहुतेक जण राहतो अमरावतीत. जायचे 50 किलोमीटर, यायचे 50. एकाच रस्त्याने, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर, सात जणांच्या सात गाड्या. प्रत्येक गाडीत एक माणूस, एक डबा.

त्या मुलीसोबत मीच हिशेबाला बसले. लिटरला 16 किलोमीटर धरले तर दिवसाला सव्वासहा लिटर पेट्रोल. वर्षाचे 200 दिवस धरले तर 1,250 लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका गाडीचा जवळपास 2.9 टन आणि सात गाड्यांचा 20 टन. आपली वीज मुख्यतः कोळशाची. तिचा युनिटमागे 0.7 किलो धरला तर कॉलेजच्या अख्ख्या वर्षाच्या विजेचा होतो 10 टनांच्या आसपास. सगळे पंखे, सगळ्या लॅब, कॉम्प्युटर, बोअरची मोटर, या सगळ्यांच्या दुप्पट धूर आम्ही सात जण करत होतो. आणि वर्गातून निघताना पंखा बंद करा म्हणून मी पोरांना रागवत होते.

पोरं कशी येतात? एसटीचा पास काढून, नाही तर सायकलने. जवळच्या गावचे पायी. नवा ड्रेस वर्षातून दोनदा, डब्यात भाकर-भाजी. घरी अजून पऱ्हाट्या-तुराट्यांवर, म्हणजे कापसा-तुरीच्या वाळक्या काड्यांवर, पाणी तापतं. त्यातलं काही गरिबीमुळे आहे, त्याचं कौतुक करायला मला आवडत नाही. चुलीच्या धुराने त्यांच्या आयांचे डोळे जातात, हे मी पाहिलं आहे. पण काटकसर कशी करावी हे या पोरांना शिकवायला मी उभी राहते, तेव्हा आधी माझ्या गाडीचा हिशेब दिला पाहिजे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

गावातच राहा, असं कोणी म्हणेल. रास्त आहे. पण नवऱ्याची नोकरी अमरावतीत, मुलांची शाळा अमरावतीत, सासूबाईंचे दवाखाने अमरावतीत. सात जणांपैकी एकाला जमलं, त्याने खोली केली. बाकीच्यांनी जुलैपासून दोन गाड्या केल्या, पाळीपाळीने. पहिला महिना जड गेला. कोणाला यायला उशीर, कोणाचा तास लवकर संपलेला, कोणाला वाटेत भाजी घ्यायची. गाडी काढायची पाळी माझी नसते तेव्हा मी एसटीने जाते. 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि खरं सांगते, ज्या मुलींनी वर्गात दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, त्या बसमध्ये बोलतात.

पाण्याचं मात्र पोरांनीच मला शिकवलं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला. जमीन काळी, खोल, आणि तिच्या पोटात खारं पाणी. म्हणून बोअरला आरओ लावलेला. पोरांच्या बादलीने सांगितलं की 20 लिटर गोड पाणी मिळताना 45 लिटर नळीवाटे बाहेर जातं. मी लगेच म्हटलं, ते बागेत सोडू. मागच्या बाकावरचा पोरगा उठला. "नोका टाकू मॅडम. थे त आणखी खारं रायते. झाडाले टाकलं त झाड मरते, अन् जमीनबी जाते."

बरोबर होतं त्याचं. गोड पाणी काढून घेतलं की उरलेल्यात क्षार दाटतात, आणि सोडियमने काळी माती चिकट, दगडासारखी होते. त्याच्या बापाने एका वावरात हे भोगलं आहे. मोठ्या शहरातल्या कॉलेजांचे सल्ले वाचून मी आमची बाग मारली असती. आता ते पाणी टाकीत साठतं आणि संडास धुवायला, फरशी पुसायला जातं.

झाडांसाठी छताचं पाणी आहे. आमचं छत 900 चौरस मीटर, पाऊस वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी पाच लाख लिटर. आम्ही पाच-पाच हजार लिटरच्या चारच टाक्या बसवू शकलो, आणि 28 मिलिमीटरच्या एका पावसात त्या चारही भरल्या. त्या दिवशी सगळी पोरं व्हरांड्यात उभी राहून नळाकडे पाहत होती. शिपाईभाऊंनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाले, "गोड हाय."

झाडं लावायची तारीखही आम्ही बदलली. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, आपल्याकडे जमीन तव्यासारखी असते, पाऊस पत्ता लागू देत नाही. फोटो होतो आणि रोप आठ दिवसांत वाळतं. आता जुलैत लावतो, कडुनिंब आणि बाभूळ, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी लिहून घेतो. स्टाफरूमच्या एसीचा विषय निघाला होता, तो मी विरोध करून थांबवला. आपल्या कोरड्या उन्हात 200 वॉटचा कूलर पुरतो, खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं. दीड टनाचा एसी 1,500 वॉट खातो.

आमच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. त्यांचं शेंडगाव आमच्यापासून लांब नाही. बाबा गावात आले की आधी स्वतः झाडू मारायचे, कीर्तन रात्री. मी इतकी वर्षं नुसतं कीर्तन करत होते.

आता अडलंय ते बसपाशी. सकाळची एसटी फाट्यावर येते 8.10 ला, आमचा पहिला तास 8 चा. बस मागेपुढे करा म्हणून अर्ज दिला, तिकडून अजून काही नाही. मग मी म्हटलं, तास आपल्या हातात आहे. तो 8.20 ला करा. त्याच बसने 30-35 पोरंही येतात, त्यांचाही पहिला तास रोज अर्धा बुडतो, आणि हाजिरीत आपणच त्यांना गैरहजर लावतो. सोमवारी सभा आहे. मी नवं वेळापत्रक मांडून ठेवलंय, आणि त्या मुलीची वहीही सोबत नेणार आहे.