‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या भूम-परांड्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘स्तनाच्या कॅन्सरबद्दल डॉक्टर काय लपवतात?’ लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘जनहितार्थ, दहा बहिणींना पाठवा’. असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण माझ्या मावशीच्या छातीत गाठ आहे, डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली होती, आणि सुनेनं हा मेसेज वाचून दाखवल्यावर तिनं जायचंच रद्द केलं. आता हळदीचा लेप लावून बसलीय. तेव्हा गप्प बसणं जमणार नाही.

सगळ्यात घातक मुद्दा हा : ‘गाठीला लोखंड लागू देऊ नका. सुई टोचली की कॅन्सर खवळतो, अंगभर पसरतो. ऑपरेशन केलेल्या बाया वर्षाच्या आत जातात.’

आधी बायोप्सीत काय होतं ते ऐका. तेवढी जागा बधिर करतात, सुई आत घालतात, ‘टक्’ असा आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्याएवढा गाठीचा भाग बाहेर येतो. वर पट्टी लावतात, बाई त्याच दिवशी घरी. त्या तुकड्यावरून कळतं गाठ साधी आहे का कॅन्सरची. बऱ्याच साध्याच निघतात. कॅन्सरची निघालीच, तर ती हार्मोनवर वाढणारी आहे का, हर-टू प्रकारची (म्हणजे पेशींवर ‘हर-टू’ नावाचं प्रथिन जास्त असलेली) आहे का, हे बघतात, कारण औषध त्यावरच ठरतं. तो तुकडाच नसेल तर डॉक्टरांनी औषध द्यायचं कशाच्या जोरावर? सुईच्या वाटेत एखादी पेशी सांडू शकते, पण ती तिथं रुजल्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत.

ऑपरेशनबद्दल मात्र एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. गाठ काढताना काही पेशी सुटून पुढे जात असाव्यात, ही शंका खुद्द डॉक्टरांनाही होती. त्यांनी ती लपवली नाही, तपासली. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 11 केंद्रांवर सुमारे 1,600 बायांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना बधिर करायला देतात तेच हे औषध, स्वस्तातलं. निष्कर्ष 2023 साली छापून आले. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात 90.1 टक्के बाया हयात होत्या, न दिलेल्या गटात 86.4 टक्के.

हा दुसरा आकडा परत वाचा. ज्यांना ते इंजेक्शन मिळालंच नाही, नेहमीसारखंच ऑपरेशन आणि पुढचे उपचार झाले, त्यांच्यातल्याही शंभरातल्या शहाऐंशी जणी पाच वर्षांनी होत्या. मग ‘वर्षाच्या आत जातात’ हे आणलं कुठून? त्या बाया वेळेत आल्या होत्या, थेट ऑपरेशन करता येईल अशा अवस्थेत. आपल्याकडे काय होतं? लेपाखाली गाठ झाकून महिनेच्या महिने जातात, काखेत गाठी येतात, कातडी फुटते, मग दवाखाना आठवतो. त्यातून बाई वाचली नाही की दोष चाकूला. आणि लेपाचंच म्हणाल तर, 2018 साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला होता.

पुढचा मुद्दा : ‘हा शहरातल्या बायांचा रोग आहे, लेकरं अंगावर पाजलेल्या बाईला होत नाही.’ पाजल्यानं धोका कमी होतो, हे खरं. 30 देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज 2002 साली छापून आली, तिच्यात पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका साधारण 4.3 टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे घटतो, संपत नाही. मावशीनं चार लेकरं अंगावर पाजलीत. खेड्यात प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे, हेही मान्य. पण बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे, आणि तिच्यात बार्शीसोबत आपलेच भूम आणि परांडा तालुके आहेत. म्हणजे खेड्यातल्या बायांना हा रोग होतच नाही, असं नाही.

काळ्या ब्रानं, डिओडरंटनं कॅन्सर होतो म्हणे; त्यात काही तथ्य नाही, त्यावर वेळ घालवत नाही. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या, किरणांची भीती म्हणाल, तर एका तपासणीत लागतात तेवढे किरण निसर्गातून सात-एक आठवड्यांत सगळ्यांच्याच अंगावर पडतात. ‘दुखत नाही तोवर काळजी नको’ हे मात्र धोक्याचं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

‘डॉक्टर पैसे उकळतात’ म्हणे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, आणि संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

शेवटची भीती मावशीला सगळ्यात जास्त लागलीय : ‘हात निकामी होतो, बाई रानातल्या कामाची राहत नाही.’ काखेतल्या रसग्रंथी (सगळ्यांच्याच काखेत असणाऱ्या बारीक गाठी) काढल्या की काही जणींच्या हाताला सूज येते, खोटं नाही. पूर्वी डॉक्टरही म्हणायचे, त्या हातानं वजन उचलू नका. पण 2009 साली अमेरिकेत हाताला सूज असलेल्या 141 बायांवरचा अभ्यास छापला गेला. त्यात देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकलेल्यांपैकी 14 टक्क्यांची सूज बळावली, न उचलणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांची. शिवाय काखेत रोग गेलेला नसेल, तर आता बऱ्याच ठिकाणी तिथल्या एक-दोन रसग्रंथीच काढून तपासतात, त्यामुळं सूज येण्याचं प्रमाणच कमी झालंय. ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, वजन कधीपासून आणि किती उचलायचं ते विचारा, आणि बांगडी किंवा ब्लाउजची बाही घट्ट व्हायला लागली तर त्याच आठवड्यात हात दाखवा.