‘इन्व्हर्टर हाय ना, मंग काही होत नाही’ : त्या मेसेजला एका वायरमनचं उत्तर

मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी वायरमनचं काम करतो, सोबत टीव्ही-वूफरची दुरुस्ती. रात्री अवकाळी येऊन गेला की सकाळी लोक चादरीत गुंडाळून टीव्ही घेऊन येतात, तापलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तसं. पोरगं पुण्याला कंपनीत लागलेलं असतं, दिवाळीला घरी ५५ इंची टीव्ही आणि साउंडबार घेऊन आलेलं असतं, आणि मे महिन्यात त्याच्यातून धूर निघालेला असतो. यंदा तिघांनी मला मोबाइलवर एकच मेसेज दाखवला. ‘याच्यात लिहिलं तसंच केलं होतं ना भाऊ!’

मेसेज थोडक्यात असा : महागड्या टीव्ही-होम थिएटरसाठी वेगळा खर्च करू नका. १) घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही शंभर टक्के सेफ. २) स्पाइक गार्ड लावला की वीज पडली तरी काही होत नाही. ३) अर्थिंग नसेल तर बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ वायरीने जोडून टाका, वूफरची घरघरही बंद होते. ४) एमसीबी आहे, मग बाकी काही नको. ५) आभाळ गडगडलं की रिमोटने बंद करा, पुरे. दहा ग्रुपवर पाठवा.

पाठवलाय लोकांनी, चांगला शंभर ग्रुपवर. मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीच्या चार मुद्द्यांनी टीव्ही जातो, या एकाने माणूस जाईल.

न्यूट्रल म्हणजे अर्थ नव्हे. फेजने आलेला करंट न्यूट्रलने परत डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे जातो, म्हणजे न्यूट्रल ही रोज काम करणारी वायर आहे. अर्थची वायर एरवी रिकामी असते. काही बिघडलं तरच तिचं काम. आता खांबावरचा न्यूट्रलचा जंपर जळाला किंवा सर्व्हिस वायरचा जोड सुटला, तर तुमच्या बल्बातून आलेल्या करंटला परत जायला वाट उरत नाही. घरातल्या न्यूट्रलवरच फेजचा दाब येऊन बसतो. तुम्ही बोर्डात तुकडा टाकून न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असले, तर तो दाब सरळ वूफरच्या पत्र्यावर आणि, जास्त भीती याची, कूलरच्या अंगावर. लोखंडी कूलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पोरं. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी तरी गेल्याची बातमी वाचतोच आपण. शिवाय गावात निम्म्या बोर्डांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात. तिथं हा तुकडा टाकला तर न्यूट्रल तुटायचीही वाट पाहावी लागत नाही, बटन दाबलं की अंगावर फेज.

राहिली घरघर. ती बहुतेक वेळा टीव्ही-वूफरमधल्या लीडची किंवा डिशच्या केबलची असते. एकदा डिशची केबल काढून पाहा, आवाज थांबला तर दोष तिथं आहे. नाहीतर लीड बदला. असेंबल वूफरच्या आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मर स्वतःच कुरकुरत असेल तर त्याला अर्थिंगने औषध नाही.

खरी अर्थिंग करायला अर्धा दिवस लागतो. साधारण अडीच मीटरचा जस्त चढवलेला लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड वायर. आपली काळी माती ओली असेपर्यंत उत्तम अर्थिंग देते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची पकड सुटते. म्हणजे नेमका वादळाच्या वेळी अर्थ कमजोर. तुळशीला पाणी घालता तसं या खड्ड्यालाही उन्हाळाभर घाला, एवढंच. आणि सोबत ३० मिलीअँपची आरसीसीबी बसवा, करंट भलतीकडे गळाला की लाइन तोडणारी. ती टीव्ही वाचवत नाही, माणूस वाचवते.

आता स्पाइक गार्ड. मागच्या महिन्यात एकाने आणलेला मी खोलला. आत दोन पितळी पट्ट्या, एक लाल दिवा, संपलं. दिव्याखाली ‘सर्ज प्रोटेक्टेड’ लिहिलेलं. हे एक्स्टेंशन बोर्ड झालं. खऱ्या स्पाइक गार्डात निळ्या बिस्किटासारखी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की ती वाट मोकळी करते आणि झटका टीव्हीत जाण्याआधी बाजूला वळवते. आपल्याकडे बहुधा २७५ व्होल्टची चकती लावतात, आणि मोठा झटका ती सातशेच्या आसपास व्होल्टवर रोखून धरते. काम चांगलं करते, पण प्रत्येक झटक्याला थोडी झिजते. कधी संपली ते बाहेरून कळत नाही. पाच वर्षं जुना स्पाइक गार्ड म्हणजे पाच वर्षं जुनी छत्री, उघडल्याशिवाय भोक दिसत नाही.

आणि वीज? आकाशातल्या विजेचा करंट ३०,००० अँपच्या घरातला असतो. सरळ घरावर पडली तर कोणताही डब्बा तिला अडवत नाही. दूर कुठं तारेवर पडली तर तिचा उरलासुरला झटका चकती अडवू शकते, पण फक्त तारेवाटे आलेला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी टीव्हींचा पॉवर सप्लाय शाबूत असतो आणि एचडीएमआयचं पोर्ट मेलेलं असतं. झटका टिनावरच्या डिशमधून केबलने सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत, टीव्हीतून साउंडबारमध्ये. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

चौथा मुद्दा एमसीबीचा. एमसीबीला अँप कळतात, व्होल्ट कळत नाहीत. वायरीतून जास्त करंट गेला तर ती पडते, वायर जळू देत नाही. विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांचा. शॉर्टसर्किट झालं तरी एमसीबीला पडायला मिलीसेकंद लागतात. ती पडेस्तोवर सगळं आटोपलेलं असतं.

पण आपल्या गावांमधला मोठा गुन्हेगार झटका नाहीच. त्याचं नाव या मेसेजमध्ये कुठं नाही, आणि माझ्या टेबलावरचे निम्मे टीव्ही त्यानेच मारलेले असतात. तो म्हणजे तुटलेला न्यूट्रल.

डीपीवरून तीन फेज निघतात. कोणत्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल जागेवर आहे तोवर तुमचं आणि शेजाऱ्याचं घर आपापल्या २३० वर सुखाने राहतं. तो खांबावर तुटला की वेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटून घेतात. वाटणी उलटी होते. ज्याच्या घरी जास्त सामान चालू, त्याला कमी व्होल्ट. समजा शेजाऱ्याकडे कूलर, फ्रिज, इस्त्री मिळून १००० वॉट चालू आहे आणि तुमच्याकडे फक्त टीव्ही, १०० वॉट. ढोबळ हिशेबाने शेजाऱ्याला ३६ व्होल्ट आणि तुम्हाला ३६४. त्याचा कूलर नुसता गुणगुणतो, तुमचा टीव्ही फुटतो. काटकसरीने दिवे बंद करून मॅच पाहणाऱ्याचंच नुकसान, असा हा न्याय.

टीव्हीच्या आत पाहिलं तर कारण हातात येतं. पॉवर सप्लायमध्ये एक जाडा गोल कपॅसिटर असतो, अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेला. २३० व्होल्टची लाइन त्याला साधारण ३२५ व्होल्टपर्यंत भरते, म्हणजे जागा शिल्लक असते. लाइन ३६४ झाली की तो ५०० च्या वर भरू लागतो. वरचं टोपण फुगतं, चिकट पाणी बाहेर येतं, काचेच्या फ्यूजला आतून काजळी धरते. स्पाइक गार्डची निळी चकतीही अशा वेळी तापून तडकते, कारण ती क्षणभराच्या झटक्यासाठी बनलेली आणि हा दाब मिनिटंच्या मिनिटं टिकतो. जळालेल्या चकतीमुळे गादीने पेट घेतलेला मी पाहिला आहे. स्पाइक गार्ड पलंगाखाली सरकवू नका, ही माझी एक विनंती.

घरातले बल्ब एकदम लखलखीत आणि शेजाऱ्याच्या घरातले मिणमिणे दिसले, किंवा उलट, तर मेन स्विच पाडा, मग चौकशी करा. आणि शेतातली मोटर दोन फेजवर चालवायला कंडेन्सर लावणाऱ्यांनो, गावठाणाची आणि शेतीची डीपी एकच असेल तर फेजांचा तोल तुम्हीही बिघडवता. चिडू नका, मीच बसवून दिलेत काही.

आता इन्व्हर्टर, लोकांचा सगळ्यात लाडका मुद्दा. लाइन असताना घरचा इन्व्हर्टर बाजूला उभा असतो. आत एक रिले, तिच्यातून खांबावरची लाइन जशीच्या तशी टीव्हीला जाते आणि उरलेल्यात बॅटरी चार्ज होते. लाइन गेली की रिले पलटते. म्हणजे टीव्ही इन्व्हर्टरवर आहे हे खरं फक्त अंधारात.

तरी मेसेज इथं पूर्ण खोटा नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक बारकं बटन असतं, यूपीएस आणि नॉर्मल असं. यूपीएसवर ठेवलं तर बहुतेक इन्व्हर्टर लाइन साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेली की तिला तोडून बॅटरीवर येतात. तुटलेल्या न्यूट्रलपासून हे खरंच संरक्षण आहे. मग अडतं कुठं? हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १६० वर येतं. यूपीएसवरचा इन्व्हर्टर रात्रभर बॅटरीवरच राहतो आणि ऐन वेळी बॅटरी उतरलेली असते. वैतागून माणूस बटन नॉर्मलवर टाकतो. नॉर्मलवर तो १०० पासून २९० पर्यंत काहीही आत घेतो. मी ज्या ज्या घरी बटन पाहिलं, तिथं ते नॉर्मलवरच होतं.

टीव्हीला कमी व्होल्टेजची भीती नसते, हे इथंच सांगून टाकतो. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं बघा. १६० वर तो मजेत चालतो. म्हणून नव्या टीव्हीसाठी भलामोठा स्टॅबिलायझर घेणं मला पटत नाही. त्यातला हाय-कट, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की लाइन तोडणारा भाग, तेवढा कामाचा. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या वूफरचं वेगळं. तो कमी व्होल्टेजवर दम टाकतो, आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर भुंग्यासारखा आवाज करत तापतो. होम थिएटर चालवायचं असेल तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर घ्या.

बॅटरीचंही जाता जाता. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. टीव्ही, साउंडबार, एक पंखा, तीन दिवे असे २६० वॉट धरले तर कागदावर सात तास, पण घट जाऊन नव्या बॅटरीवर प्रत्यक्षात साडेचार तासांच्या आसपास. पश्चिमेच्या भिंतीला, टिनाखाली, ४५ डिग्रीत ठेवलेली बॅटरी ते फार दिवस देणार नाही. दर आठ-दहा डिग्री वाढीला शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पाण्याच्या माठाजवळ, गारव्याला जागा करा तिला.

पाचवा मुद्दा दोन ओळींत. रिमोटने बंद केलेला टीव्ही लाइनला जोडलेलाच असतो, लाल दिवा तेच सांगतो. प्लग काढा, डिशची केबलही काढा, आणि हे ढग लांब असतानाच करा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मग टीव्ही गेला तरी चालेल, प्लगला हात लावू नका.

पैसे मोजकेच असतील तर मी क्रम असा लावतो : आधी अर्थिंग आणि आरसीसीबी. मग मेन बोर्डात व्होल्टेज प्रोटेक्टर, २६०-२७० च्या वर गेलं की घराची लाइनच तोडणारा. लाइन जागेवर आल्यावर थोडं थांबून तो स्वतःच जोडतो. मग बोर्डातच टाइप टू एसपीडी, म्हणजे तारेवाटे आलेला झटका अर्थकडे वळवणारा डबा, त्याच्यापासून बोर्डातल्या अर्थच्या पट्टीपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत. त्यानंतर वाटलं तर चांगल्या कंपनीचा स्पाइक गार्ड. टीव्हीसाठी वेगळा यूपीएस सगळ्यात शेवटी.

प्रोटेक्टर मी गेल्या वर्षी शेजारच्या काकाजींकडे बसवला. आठ दिवसांत बोलावणं आलं. ‘हा डब्बा काढून टाक बावा, मॅच पाहू देत नाही. साऱ्या गावात लाइन हाय, आमच्याच घरची काऊन गेली?’ मी जाऊन काचेवरचा आकडा दाखवला : २८७. काकाजींनी चष्मा लावून वाचला, बाहेर येऊन समोरच्या घरातला पिवळा पांढरा होत चाललेला बल्ब पाहिला, काही बोलले नाहीत. डब्बा अजून तिथंच आहे. फक्त आता घरची लाइन गेली की रात्री अकरालाही त्यांचा फोन येतो, ‘दोनशे शहात्तर झाले पाय’, आणि ठेवून देतात.