केसवाली बाहुली

तीन वर्षांच्या भाच्याने फोनवर बजावलं, "मामा, मला बाहुली आण. केसवाली." मी पडलो समतेचा कैवारी. मुलाने बाहुलीशी का खेळू नये, यावर चारचौघांत तासभर बोललेलो. म्हटलं, आणतो की!

दुकानात काउंटरवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "मुलगा की मुलगी?"

"तीन वर्षांचं मूल आहे."

"हो, पण मुलगा की मुलगी?"

१९७५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. पिवळे कपडे घातलेलं तीन महिन्यांचं बाळ मोठ्या माणसांकडे खेळवायला दिलं. कुणाला सांगितलं मुलगा, कुणाला मुलगी, कुणाला काहीच नाही. मुलगी समजणाऱ्यांनी बाहुली जास्त वेळा पुढे केली. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांनी मूठ घट्ट म्हणून मुलगा, अंग मऊ म्हणून मुलगी, असे शोध लावले. (होती मुलगी.) बाईंच्या चेहऱ्यावर तीच तळमळ होती. मागे रांग वाढत होती.

"मुलगी," मी म्हणालो.

तासभराचं भाषण, एका शब्दात पाणी! शिक्षाही लगेच मिळाली: गुलाबी कागद, गुलाबी रिबीन, वर 'प्रिन्सेस'चं स्टिकर. १९१८ साली तिकडच्याच एका कापडधंद्याच्या मासिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना नेमून दिला होता, हे बाईंना सांगावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने?

घरी मेहुण्यांनी खोका पाहिला. "बाहुली?"

"ॲक्शन फिगर म्हणतात हो त्याला."

हीही उसनवारीच. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक काढला. कपडे बदलता येणारी चक्क बाहुलीच. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून 'बाहुली' शब्दच टाळला आणि हे नाव शोधून काढलं. माझ्या बाहुलीने फ्रॉक घातला होता, एवढाच काय तो फरक.

भाच्याने कागद टराटरा फाडला. फ्रॉककडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाहुलीला उशीला टेकवून बसवलं, गळ्याभोवती हातरुमाल गुंडाळला, ओल्या हाताने केस चापूनचोपून बसवले आणि दोन बोटांची कात्री कचकचवत गंभीरपणे विचारलं, "किती बारीक?"

मी कौतुकाने पुढे सरकलो. "आणि माझा नंबर?"

त्याने माझ्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मामा, तुला नको."