पिकासोची नक्कल म्हणण्याआधी बसोलीचे रंग पाहा

स्वतंत्र भारताची आधुनिक चित्रकला म्हणजे पिकासोची नक्कल. ती मुंबईत आलेल्या दोन-तीन युरोपियनांनी शिकवली, सरकारी अकादमीने पोसली आणि सामान्य माणसाशी तिचा कधी संबंधच आला नाही. हा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो आणि चित्रांची मनापासून आवड असणारेही त्याला मान डोलावतात, याचं वाईट वाटतं.

आधी नकलेचं बघू. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या कलावंतांचा गट उभा राहिला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. युरोपकडून त्यांनी घेतलं, भरपूर घेतलं. पण या दाव्यात १९४८ सालाचा पत्ताच नाही. लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये भरलेलं भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन त्या वर्षी दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात मांडलं गेलं. हुसेन आणि सूझा ते पाहायला गेले. मथुरेची शिल्पं, गुप्तकालीन मूर्ती, जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रं, सगळं एका छताखाली! गुप्तकाळातल्या स्त्रीमूर्तींची घडण, बसोलीचे धगधगते रंग आणि लोककला यांचा मेळ घालायला आपण तिथून सुरुवात केली, असं हुसेन पुढे सांगत. त्यांचं १९५५ चं ‘जमीन’ पाहा: खेड्यातलं जगणं लांबलचक आडव्या पटावर मांडलेलं आहे. सूझांनी त्या वर्षांत रंगवलेल्या स्त्रियांमध्ये मथुरेची शिल्पं उघड दिसतात. रझा तर साठेक वर्षं फ्रान्समध्ये राहिले, आणि तिथे रंगवला काय, तर बिंदू. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून ज्याच्याकडे एकटक बघायला लावलं होतं, तोच. काही कॅनव्हासवर त्यांनी देवनागरीत कवितेच्या ओळीही लिहिल्या. ही नक्कल असेल, तर कशाची?

युरोपियन मंडळी होती, हे खरं. लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर हे नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेले. एकाने घर खुलं केलं, एकाने समीक्षा लिहिली, एकाने चित्रं विकत घेतली. हे ऋण मोठंच आहे. पण कलकत्त्यातल्या आधुनिक कलावंतांचा कलकत्ता ग्रुप १९४३ मध्येच सुरू झाला होता, त्यात या तिघांचा काय हात?

सरकारी पोसण्याबद्दल फक्त सनावळी बघावी. ती सरकारी अकादमी, म्हणजे ललित कला अकादमी, १९५४ ची. त्याआधीच सूझा आणि बाकरे लंडनला, रझा पॅरिसला गेले होते. मुंबईत चित्रांना हक्काची जागा मिळाली ती १९५२ च्या जहांगीर आर्ट गॅलरीने, तीही देणगीतून. सरकारला श्रेय द्यायचंच तर हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रांचं द्या. चित्रकार प्रभाकर बरवे तिथे वर्षानुवर्षं नोकरी करत होते आणि बनारसच्या केंद्रात असतानाच त्यांची तंत्रकलेशी, म्हणजे तांत्रिक साधनेतल्या आकृती-चिन्हांच्या कलेशी, ओळख झाली.

सामान्य माणसाचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत. सूझांची आई शिवणकाम करून घर चालवायची. आरा लहानपणी पळून मुंबईत आले, घरगड्याचं काम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. नाव झाल्यावर हेच आरा मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरमधून नवख्या चित्रकारांच्या मागे उभे राहिले.